कै. डॉ. वसंत रामजी खानोलकर

शालेय वार्षिकांतून जी चरित्रे छापली जातात ती बहुधा राजांची, सेनापतींची, संतांची अथवा देशभक्तांची असतात. त्यांचे पराक्रम दुरूनही दिसतात. येथे ज्या पुरुषाचे चरित्र सांगावयाचे आहे त्याची कर्मभूमी मात्र काचेच्या एका पट्टीवर मावत असे. एका मिलिमीटरचे दोनशे भाग केले असता त्यातील एक भाग जेवढा जाड, तेवढी मांसाची पातळ चकती त्या पट्टीवर ठेवावयाची आणि सूक्ष्मदर्शक यंत्रातून तिचे निरीक्षण करावयाचे, हा त्यांचा व्यवसाय. अशा निरीक्षणातून त्यांनी एका दुर्धर रोगाची काही कारणे आपल्या लोकांच्या कमरेच्या गाठीत, चुन्याच्या डबीत आणि विडीच्या टोकाशी शोधून दाखविली. त्या काळी कर्करोग हा मुख्यत्वे युरोपातील लोकांचा रोग, आपल्याकडे तो क्वचितच होतो, असा समज सुशिक्षितांतही होता. आणि ज्यांच्या घरी तो शिरे ते त्यास प्रारब्ध म्हणून मोकळे होत. प्रारब्धावर उपाय नसतो, सवयीवर असतो. म्हणून हे चरित्र विद्यार्थ्यांइतकेच त्यांच्या आईवडिलांनीही वाचावे अशी आमची इच्छा आहे.

खानोलकर हे आडनाव वेंगुर्ल्याजवळील खानोली ह्या गावावरून आलेले. वसंतरावांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेगने प्रवेश केला आणि त्यांच्या पिढीचे बालपण साथीच्या रोगांच्या छायेत गेले. लंडन विद्यापीठात वैद्यकाचे उच्च शिक्षण घेऊन १९२३ साली त्यांनी विकृतिशास्त्र ह्या विषयातील एम. डी. ही पदवी संपादन केली. विलायतेतून अशी पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरास मुंबईत दवाखाना थाटून अल्पावधीत धनसंचय करणे कठीण नव्हते. विकृतिशास्त्रज्ञाचे तसे नसते. त्याच्या दारी रोगी येत नाही, येतो तो रोग्याच्या शरीरातील एक तुकडा; आणि बरे झालेला रोगी आभार मानावयास जातो तोही शस्त्रवैद्याकडे. वसंतरावांनी हा मार्ग जाणूनबुजून पत्करिला. प्रथम ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढे परळ येथील शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. ह्या दुसऱ्या संस्थेविषयी एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. १९२६ साली ती सुरू झाली तेव्हा देणगी देणाऱ्यांनी अशी अट घातली होती की, येथील अध्यापक भारतीयच असावेत. परक्यांच्या राज्यात भारतीय डॉक्टर शिकवू शकतील की नाही ह्याविषयीच जेथे शंका घेतली जात होती, तेथे खानोलकरांसारख्या अध्यापकांनी ती शंका नाहीशी केली.

विकृतिशास्त्र म्हणजे काय, हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. त्यावाचून पुढील गोष्टींचे मर्म ध्यानात येणार नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी गालाच्या आतल्या बाजूवरून लाकडी काडी हळूच फिरवून जो चिकट अंश निघतो तो काचेवर पसरतात, त्यावर निळ्या रंगाचा थेंब टाकतात आणि यंत्रातून पाहतात. फरसबंदीच्या दगडांसारख्या चपट्या पेशी व प्रत्येकीच्या मध्यभागी एक गडद ठिपका त्यांस दिसतो. तो ठिपका म्हणजे पेशीचे केंद्रक. निरोगी गालाच्या पेशी कशा असतात हे ज्याने पाहिले, त्याने खानोलकरांच्या विद्येचा पहिला धडा घेतला असे समजावे. दुसरा धडा असा की, रोगट अवयवाचा तुकडा औषधात मुरवून, मेणात बसवून, पात्याने त्याचे अतिशय पातळ काप काढावयाचे, ते रंगवावयाचे आणि त्यातील पेशी आपली रांग, आपला आकार, आपली मर्यादा राखून आहेत की नाहीत हे पाहावयाचे. रोग म्हणजे शरीरातील रसांचा बिघाड, असे शतकानुशतके मानले जात असे. जर्मनीतील रुडॉल्फ फिरखो ह्याने १८५८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, रोगाचे खरे घर पेशी हे होय. खानोलकर त्याच परंपरेतले.

आता पेशीला इजा झाली म्हणजे ती काय करते? शेतकऱ्याच्या तळहाताकडे पाहावे. कुदळ, विळा, नांगर रोज हाताळल्याने तेथे घट्टे पडतात. घट्टा म्हणजे त्वचेच्या पेशींनी आपली संख्या व जाडी वाढवून उभारलेली तटबंदी. श्वासनलिकेच्या अस्तरास धूर सतत लागला तर तेथील नाजूक, केसाळ पेशींची जागा जाड, चपट्या पेशी घेतात. त्या धुरास तोंड देतात खऱ्या, परंतु धूळ बाहेर लोटण्याचे मूळ काम त्यांस करता येत नाही. उष्णतेचा ताण पडला असता पेशी तात्काळ काही विशेष प्रथिने तयार करू लागतात व त्यांच्या साहाय्याने आपली बिघडू पाहणारी प्रथिने सांभाळतात. ह्याचा पहिला सुगावा इटलीतील रिटोसा ह्या संशोधकास १९६२ साली फळमाशीच्या पेशींत लागला. इजा डागडुजीच्या पलीकडे गेली तर पेशी शिस्तीने स्वतःचा शेवट करते. ह्या क्रियेस शास्त्रीय नाव मिळाले ते १९७२ साली. पेशीच्या केंद्रकातील आनुवंशिक लिपी दुखावली असता विभाजन थांबवावयाचे, डागडुजी करावयाची की प्राणत्याग करावयाचा, ह्याचा निर्णय घडवून आणणारे एक प्रथिन १९७९ साली, म्हणजे खानोलकरांच्या निधनानंतर पुढील वर्षी, सापडले.

ह्या सर्व युक्त्या एखाद्या प्रसंगापुरत्या उत्तम आहेत. पण तीच इजा त्याच जागी वीस वर्षे, तीस वर्षे, रोज होत राहिली तर? प्रत्येक डागडुजीच्या वेळी पेशींना पुन्हापुन्हा विभागावे लागते, प्रत्येक विभाजनात लिपी उतरवून घेताना चुकीचा संभव असतो, आणि तंबाखूसारख्या पदार्थांतील विषे ती लिपी थेटच खोडतात. एक दिवस अशी एक पेशी निपजते की जी थांबण्याची आज्ञाही मानीत नाही आणि मरण्याचीही नाही. तिची प्रजा म्हणजे कर्करोग.

खानोलकरांस ह्यातील पुष्कळ तपशील ठाऊक असणे शक्यच नव्हते. ते पुढे सापडले. तथापि कोठे, कोणाला, किती वर्षांनी, हे प्रश्न विचारण्यास लिपीचे ज्ञान लागत नाही, चिकाटी लागते. ती दाखविण्याची संधी त्यांस परळ येथेच मिळाली. लेडी मेहेरबाई टाटा ह्या १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांचे पती सर दोराबजी टाटा ह्यांच्या मागे राहिलेल्या विश्वस्तनिधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले आणि तेथील प्रयोगशाळांचे प्रमुखपद खानोलकरांकडे आले. महायुद्धाचा काळ, विलायतेहून उपकरणे येणे दुरापास्त. परंतु मुंबईजवळ एक अशी संपत्ती होती की जी लंडनजवळही नव्हती. सर्व प्रांतांचे, सर्व जातींचे, तऱ्हेतऱ्हेच्या सवयींचे लोक ह्या एका शहरात पोटासाठी येत. तोच रोग, पण कोणाच्या ओठात, कोणाच्या टाळूवर, कोणाच्या कमरेवर! ही वाटणी यदृच्छेने झालेली नसावी, असे खानोलकरांनी ताडले.

डॉ. सूर्याबाई ह्यांच्यासह त्यांनी १९४५ साली अमेरिकेतील एका विकृतिशास्त्रविषयक नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात भारतातील चालीरीतींमुळे होणारे तीन प्रकारचे कर्करोग वर्णिले आहेत. पहिला धोतराचा. धोतर किंवा लुगडे कमरेभोवती वर्षानुवर्षे त्याच जागी आवळून नेसले जाते; त्यात घाम, धूळ आणि उन्हातले कष्ट. प्रथम त्या पट्ट्याचा रंग पालटतो, मग कातडी जाड व खरबरीत होते, खवले निघतात, व्रण होतो, तो भरतो, पुन्हा उघडतो. आणि क्वचित एखाद्याच्या बाबतीत तो व्रण भरण्याचे सोडून वाढू लागतो. दुसरा खैनीचा. बिहारात व आजच्या उत्तर प्रदेशाच्या पूर्वभागात तंबाखू आणि चुना मळून ती गोळी खालचा ओठ व हिरडी ह्यांमधल्या खळगीत धरून ठेवतात. तेथेच, त्याच खळगीत, रोग उगवतो. तिसरा चुट्ट्याचा. विशाखापट्टणच्या किनाऱ्यावर चुट्टा नावाची जाड विडी ओढताना पेटते टोक तोंडाच्या आत धरण्याची चाल होती, आणि बायकांतही ती फार. अशा लोकांस कर्करोग होई तो टाळूला, जेथे इतर लोकांस तो सहसा होत नाही.

ह्या तिन्ही रोगांत वस्त्र, चुना-तंबाखू आणि अग्नी अशी तीन निरनिराळी निमित्ते आहेत, जागाही निरनिराळ्या. परंतु प्रत्येक ठिकाणी रोग नेमका तेथेच उमटला आहे जेथे सवयीचा रोजचा स्पर्श होतो. पोलीस ठशांवरून माणूस शोधतात; खानोलकरांनी व्रणाच्या जागेवरून सवय शोधली. आमच्या मते त्यांच्या सर्व कार्यांत हे सर्वांत मोठे होय. ह्याला मोठी यंत्रे लागली नाहीत. रोग्याजवळ बसून त्याचे राहणीमान विचारणारा डॉक्टर आणि यंत्राशी बसून पेशी पाहणारा डॉक्टर हे एकाच माणसात असावे लागले, इतकेच.

अशा विचाराची पूर्वपीठिका जगात नव्हती असे नाही. लंडनमधील शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट ह्याने १७७५ साली धुराडी झाडणाऱ्या मुलांच्या अंगी काजळीमुळे पुढे कर्करोग होतो हे दाखविले होते. ती मुले आमच्या प्राथमिक वर्गातील मुलांच्या वयाची असत, हे वाचून अंगावर काटा येतो. जपानात यामागिवा व इचिकावा ह्या दोघांनी सशांच्या कानांवर महिनोन् महिने डांबर चोळून १९१५ साली कर्करोग प्रत्यक्ष उत्पन्न केला व इजा आणि रोग ह्यांचा कार्यकारणभाव सिद्ध केला. आपल्याच देशात, काश्मिरात, थंडीपासून बचावासाठी लोक फिरनाच्या आत निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरतात. त्या शेकाने पोटाच्या व मांडीच्या त्वचेस होणारा कर्करोग मिशनरी डॉक्टर एल्म्स्ली ह्यांनी १८६६ साली प्रथम नोंदविला आणि त्याच मिशनमधील डॉ. नेव्ह ह्यांनी पुढे त्याचे अनेक रोगी तपासले. खानोलकरांची विशेषता अशी की, त्यांनी अशा सुट्या निरीक्षणांस एका पद्धतीत गुंफले व ती पद्धत साऱ्या देशास लावून पाहिली.

ह्यावर एक आक्षेप सहज सुचतो. निरनिराळ्या जातींस निरनिराळे कर्करोग होतात, तर ते त्या त्या जातीच्या रक्तातच नसतील कशावरून? प्रश्न साधा नाही. रक्तातच असेल तर डॉक्टरांनी हात जोडून बसावे. खानोलकरांनी हा आक्षेप वादाने न खोडता मापून पाहिला. त्यांचे सहकारी डॉ. सांघवी ह्यांनी मुंबईतील सहा समाजांच्या, आपापसातच लग्ने करणाऱ्या लोकांच्या, रक्तगटांची व इतर आनुवंशिक लक्षणांची पाहणी केली आणि दोघांनी ती १९४९ साली प्रसिद्ध केली. समाजासमाजांत असे भेद आहेत, हे त्यात दिसले. म्हणजे आनुवंशिकतेस त्यांनी खोटे ठरविले नाही. पण पुढे १९५५ साली सांघवी, राव आणि खानोलकर ह्या तिघांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दुसरी पाहणी मांडली, तिने तराजूचे पारडे कोणीकडे झुकते ते दाखविले. कर्करोगाच्या रोग्यांची इतर लोकांशी तुलना करता असे आढळले की, तंबाखू चघळणाऱ्यांस रोग होतो तो मुख्यतः तोंडात. विडी ओढणाऱ्यांस तो जिभेच्या मुळाशी व घशात. आणि दोन्ही करणाऱ्यांस धोका अधिकच. जात बदलता येत नाही. चंची मात्र खाली ठेवता येते.

आपल्या मराठवाड्यास हे वेगळे सांगावयास नको. चौकात, बांधावर, एस. टी. च्या थांब्यावर तळहातावर तंबाखू मळून बार भरणारे हात आपण रोज पाहतो. कित्येक घरांतून माताभगिनी दात घासण्याच्या निमित्ताने मशेरी लावतात. महाराष्ट्रात २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी आहे, तरी शाळेच्या कुंपणापाशी त्याच्या रिकाम्या पुड्या सापडाव्यात हे कोणत्याही शिक्षकास लाजविणारे आहे. तोंडात पांढरा चट्टा उमटणे, तिखट न सोसणे, तोंड पुरते न उघडणे, ही गालाच्या पेशींनी दिलेली सूचना असते. चट्टा दिसला की प्रत्येकास कर्करोग होतोच असे नाही. तंबाखू-सुपारी सोडल्याने कित्येक चट्टे ओसरतात. परंतु दोनतीन आठवड्यांत न भरणारा व्रण डॉक्टरास दाखविला पाहिजे. आपल्या छत्रपती संभाजीनगरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे व मराठवाड्याच्या सर्व जिल्ह्यांतून तेथे रोगी येतात. त्यांतील अनेकांस फार उशीर झालेला असतो.

असो. मूळ चरित्राकडे वळू. टाटा रुग्णालय उघडले तेव्हा कर्करोगावर दोनच शस्त्रे होती: सुरी आणि किरण. औषधे आली ती युद्धाच्या अखेरीस, आणि पहिले आले ते विषारी वायूंच्या कुळातून. मस्टर्ड वायूने पांढऱ्या रक्तपेशी नष्ट होतात असे दिसून आल्यावर, त्याच्याच जातीचे द्रव्य रक्ताच्या व लसीकाग्रंथींच्या कर्करोगावर वापरून पाहण्यात आले. १९४८ साली बोस्टन येथे सिडनी फार्बर ह्याने रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांस अमिनोप्टेरिन हे औषध देऊन काही काळ तरी रोग मागे हटविला. ते औषध ज्यांच्या हाताखाली तयार झाले ते यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातील शास्त्रज्ञ अमेरिकेत काम करीत होते व त्याच वर्षी ते निधन पावले. ही औषधे भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. केसांच्या मुळांतील व तोंडाच्या अस्तरातील पेशीही तशाच विभागतात, म्हणून केस गळतात व तोंड येते. शिवाय कर्करोगाच्या काही पेशी औषधालाही सरावतात आणि उरलेल्या त्या पुन्हा वाढतात. कोणती पेशी कोणत्या औषधाने मरते व कोणती सरावते हे जिवंत माणसावर पुन्हापुन्हा पाहता येत नाही. त्यासाठी पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात, पोषक द्रवात जिवंत ठेवून वाढविण्याची कला हवी.

ह्या कामात त्यांची एक विद्यार्थिनी पुढे आली. पुण्याच्या हुजूरपागेत व फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे, ह्यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळविली. त्यानंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय ह्यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर अखंड वाढत राहणाऱ्या मानवी पेशींची पहिली परंपरा १९५१ साली ज्या प्रयोगशाळेत उभी राहिली, तीच ही. परत येऊन रणदिवेबाईंनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. भारतातील ती पहिली म्हणून गणली जाते. स्त्रियांनी प्रयोगशाळेत काम करणे हे जेव्हा अपूर्वाईचे होते तेव्हा सूर्याबाई व रणदिवेबाई ह्यांची नावे खानोलकरांच्या कार्याशी अशी बरोबरीने जोडली गेली आहेत, हे आमच्या विद्यार्थिनींनी ध्यानात ठेवावे.

कर्करोगाइतकीच कुष्ठरोगाची त्यांस जिज्ञासा होती. दोन रोगांत वरवर काही साम्य नाही. पण खानोलकरांची दृष्टी दोन्हीकडे एकच होती, की ह्या आघाताला पेशी काय उत्तर देते. कुष्ठाचा जंतू हॅन्सेन ह्याने नॉर्वेत १८७३ साली शोधला होता. तोच जंतू एकाच्या शरीरात शिरला असता तेथील रक्षक पेशी गोळा होऊन त्यास मारतात, आणि दुसऱ्याच्या शरीरात त्याच जातीच्या पेशी त्यास गिळतात खऱ्या, पण मारीत नाहीत; उलट त्याची घरे बनतात. पहिल्याला दोनचार चट्टे, दुसऱ्याच्या सर्वांगी रोग. खानोलकरांनी अगदी आरंभीच्या, सामान्य माणसाच्या नजरेतही न भरणाऱ्या चट्ट्यांचे काप तपासून दाखविले की जंतू त्वचेतील बारीक मज्जातंतूंत अगदी प्रारंभापासून असतो. बोटे बधिर होणे ही रोगाची शेवटची पायरी नव्हे, त्याची वाटच मज्जातंतूंतून जाते, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

१९५८ साली बापट, रणदिवे व खानोलकर ह्यांनी कुष्ठरोग्यांच्या गाठींतून एक जंतू प्रयोगशाळेत वाढविल्याचे जाहीर केले. कुष्ठाचा जंतू कृत्रिम पोषकद्रव्यावर वाढविणे कोणासही साधले नव्हते व अद्यापही साधलेले नाही. म्हणून ह्या वार्तेने खळबळ उडाली. पुढील तपासणीत तो जंतू कुष्ठाचा नसून त्याच्या एका नातलग कुळातला ठरला. तथापि त्यापासून केलेली लस दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत तपासण्यात आली आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले. मूळ दावा टिकला नाही, पण त्यातून उपयोगी वस्तू निघाली. शास्त्राच्या इतिहासात असे प्रसंग थोडे नाहीत, आणि चरित्रकाराने ते झाकून ठेवू नयेत असे आम्हांस वाटते.

मानमरातबांविषयी फार लिहीत नाही. १९५२ साली परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, त्याचे ते संस्थापक-संचालक. भारतातील विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष होते. कर्करोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपदही त्यांस लाभले. १९६० ते १९६३ ह्या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारत सरकारने त्यांस पद्मभूषण किताब दिला व राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक नेमले. अणुबाँबच्या चाचण्यांनी जग धास्तावले असता किरणोत्साराचे प्राणिमात्रांवर होणारे परिणाम तपासण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९५५ साली जी शास्त्रीय समिती नेमली, तिच्यात त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. तेथेही प्रश्न तोच होता: न दिसणारा घाव पेशीवर झाला असता ती काय करते, आणि किती घाव ती सोसते. टाटा रुग्णालय व संशोधन केंद्र १९६६ साली एका संस्थेत विलीन झाले. १९७८ साली खानोलकरांचे निधन झाले. त्यांची संशोधनसंस्था आता नवी मुंबईत खारघर येथे आहे व तेथील एका संशोधनगृहास खानोलकर शोधिका असे नाव दिलेले आहे.

त्यांच्या १९४५ सालच्या निबंधातील तीन रोगांपैकी धोतराचा कर्करोग आता ग्रंथांतच उरला असेल असे कोणास वाटेल, कारण धोतर नेसणारे थोडे राहिले. परंतु २०२४ साली वर्धा येथील व बिहारातील डॉक्टरांनी मिळून एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. एकीस परकराची नाडी वर्षानुवर्षे आवळून बांधल्याने, व दुसरीस परकराविना लुगडे कसून नेसल्याने, कमरेच्या त्याच पट्ट्यात कर्करोग झाला होता. परकर सैल बांधावा, गाठीची जागा बदलत राहावी आणि कमरेवरचा न भरणारा व्रण लपवून ठेवू नये, एवढाच त्यांचा सल्ला आहे. खेड्यापाड्यांतल्या आज्या आणि मावश्या हा सल्ला वाचणार नाहीत; तो त्यांना वाचून दाखवावा लागेल.